छोट्या विमानात नीट बसायचं कसं: नव्या वैमानिकांसाठी मापं, वजन आणि सीट

माझी उंची १८८ सेंटीमीटर. शिकायला लागलो तेव्हा वजन ९८ किलो होतं आणि वाट्याला आलं सेसना १५२, दोन सीटचं छोटं शिकाऊ विमान. आठव्या-नवव्या तासाला डावीकडून वारा असताना उतरत होतो. वाऱ्याच्या बाजूचा पंख खाली धरायला योक (विमानाचं हातातलं स्टिअरिंग) डावीकडे फिरवला आणि तो अर्ध्यावरच माझ्या मांडीला टेकून थांबला. विमान वाऱ्याबरोबर सरकायला लागलं, इन्स्ट्रक्टरने ताबा घेतला आणि आम्ही सुखरूप उतरलो. चूक माझ्या हाताची आहे असं समजून मी पुढचे तीन आठवडे हात सुधारत बसलो. मग एका दुसऱ्या इन्स्ट्रक्टरने विमान उभं असतानाच मला सीट दोन खाचा मागे घ्यायला सांगितलं. मांड्या खाली गेल्या, योक टोकापर्यंत फिरला. तीन आठवड्यांचा प्रश्न मिनिटभरात मिटला.

आमच्याच तुकडीत १५१ सेंटीमीटर उंचीची एक मैत्रीण होती. तिची अडचण उलटी होती. उतरताना नाक वर आलं की तिला पुढे धावपट्टी दिसायचीच नाही. दोन उशा घेतल्या की दिसायची, पण मग पेडल (शेपटीवरचा रडर पायाने हलवायचं) पायाखालून निसटायचं. आम्हा दोघांनाही पहिल्या तासाआधी कोणी हे सांगितलं नव्हतं की अंगाचं माप हा लाजेचा किंवा निव्वळ सोयीचा विषय नाही. डोळ्यांना दिसतं का, हातपाय टोकापर्यंत पोहोचतात का आणि विमान तुमचं वजन पेलतं का, हे तीन प्रश्न जमिनीवरच सोडवायचे असतात. ते कसे, ते क्रमाने सांगतो.

आधी काय जमवायचं

- मोजपट्टी आणि वजनकाटा
- उडताना घालणार तेच बूट आणि तोच हेडसेट
- नेहमीची बॅग, त्यात जे असतं त्या सगळ्यासकट
- ज्या विमानात शिकणार, नेमक्या त्याच विमानाचा वजन-संतुलन तक्ता. त्या मॉडेलचा सर्वसाधारण तक्ता चालणार नाही
- विमानाचं हँडबुक
- वही

१. घरी पाच मापं घ्या

नुसती उंची फारशी उपयोगाची नाही. १८० सेंटीमीटरच्या दोन माणसांत एकाचं धड लांब असतं आणि दुसऱ्याचे पाय. पहिल्याचं डोकं छताला लागतं, दुसऱ्याचे गुडघे पॅनेलला. अमेरिकन हवाई दलाने १९५० साली ४,००० हून जास्त वैमानिकांची मापं घेतली होती. गिल्बर्ट डॅनियल्स यांनी त्यातली कॉकपिटशी संबंधित दहा मापं निवडली आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती निघतात ते पाहिलं. एकही निघाला नाही. तेव्हा 'मी साधारण बांध्याचा, मला कुठेही चालेल' असं धरून चालू नका.

घ्यायची मापं अशी:

- बसलेली उंची: भिंतीला पाठ टेकून कडक खुर्चीवर बसा आणि बैठकीपासून डोक्याच्या टोकापर्यंत मोजा. हेडसेटच्या पट्टीसाठी दोन-तीन सेंटीमीटर वाढवा.
- डोळ्यांची उंची: तसंच बसून बैठकीपासून डोळ्यांपर्यंत.
- मांडीची लांबी: पाठीमागच्या भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत.
- खांद्यांची रुंदी: सर्वांत रुंद जागी, दंड धरून.
- वजन: कपडे, बूट, हेडसेट आणि बॅग यांच्यासकट. सकाळी उपाशीपोटी घेतलेलं वजन विमानाच्या कामाचं नाही.

२. विमानाचा घाट ओळखा

सेसना १५० आणि १५२ ची केबिन जेमतेम एक मीटर रुंद आहे, म्हणजे एकेका माणसाच्या वाट्याला ५० सेंटीमीटरही नीट येत नाहीत. दोन रुंद खांद्यांची माणसं शेजारी बसली की दंडाला दंड घासणारच. सेसना १७२ किंचित मोठं वाटतं, पण रुंदीत फरक अगदी थोडा. पायपर वॉरियर साधारण १०५ सेंटीमीटर, पायपर टॉमहॉक त्याहून जरासं जास्त, डायमंड डीए२० सुमारे ११७ आणि सिरस एसआर२२ जवळपास १२४. कागदावर दहा-बारा सेंटीमीटर क्षुल्लक दिसतात. खांद्याला विचाराल तर ते खूप असतात.

रुंदीपेक्षाही मी आधी तीन गोष्टी बघतो.

पहिली गोष्ट दार. वॉरियरसारख्या पायपर विमानांना एकच दार असतं, तेही उजवीकडे आणि पंखावर. डावीकडे बसणाऱ्याला आधी आत शिरून सरकत जावं लागतं आणि बाहेर पडताना शेवटी. गुडघेदुखी असेल किंवा पोट मोठं असेल तर ही चढउतर आधी करून बघा.

दुसरी गोष्ट, काय सरकतं? सेसनात सीट पुढेमागे होते. डीए२० आणि डीए४० मध्ये सीट जागेवर पक्की असते आणि पेडल पुढेमागे होतात. आखूड पायांच्या माणसाला ही दुसरी रचना फार सोयीची, कारण पेडल त्याच्याकडे येतात आणि डोळे जागेवर राहतात. लांब धडाच्या माणसाला मात्र तिथे मागे किंवा खाली सरकायला वाव नसतो आणि काचेचं छत डोक्याला लागू शकतं.

तिसरी गोष्ट, योक की स्टिक (योकऐवजी असलेला उभा दांडा)? योक मांडीवर अडतो. स्टिक दोन मांड्यांच्या मधे असते, त्यामुळे जाड मांड्यांना ती डावी-उजवीकडे अडते आणि पूर्ण मागे ओढल्यावर पोटाला लागते.

३. वजनाचं गणित स्वतः मांडा

माझ्या मते या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि नवखे लोक सर्वांत जास्त टाळतात तो हाच. वजन मोठ्याने सांगायला संकोच वाटतो आणि तोंडातून पाच-सहा किलो कमी निघतात. इन्स्ट्रक्टरही तेच करत असेल तर तक्त्यातून दहा-बारा किलो गायब होतात. विमानाच्या इंजिनाला मात्र ते उचलावेच लागतात.

अमेरिकेच्या जुन्या प्रमाणन नियमांत सामान्य वर्गातल्या छोट्या विमानासाठी माणशी १७० पौंड, म्हणजे ७७ किलो, धरले जात. आजची बरीच शिकाऊ विमानं त्याच काळातली आहेत. सीट दोन आहेत म्हणून दोन माणसं आणि भरलेली टाकी चालेलच, असा अर्थ काढू नका.

सेसना १५२ चं उदाहरण घेऊ. उड्डाणाचं कमाल वजन ७५७ किलो. तुमच्या तक्त्यात रिकाम्या विमानाचं वजन ५२० किलो आहे असं समजा. उरले २३७. वापरता येण्यासारखं इंधन पूर्ण भरलं तर साधारण ९३ लिटर. एव्हगॅसचं, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचं, एक लिटर ०.७२ किलो भरतं, म्हणजे ६७ किलो. माणसं आणि सामानासाठी राहिले १७० किलो.

आता तुम्ही १०५ किलोचे, इन्स्ट्रक्टर ९० चा आणि बॅगा, हेडसेट मिळून ६. एकूण २०१. म्हणजे इंधनाला उरले ३६ किलो, अर्थात ५० लिटर. हे विमान तासाला साधारण २३ लिटर पितं असं धरलं तर दोन तासांपेक्षा किंचित जास्त. त्यातून राखीव इंधन बाजूला काढलं की तासाभराचा धडा आरामात बसतो. लांबचा पल्ला बसत नाही. म्हणजे भारी माणसाला १५२ मध्ये शिकताच येत नाही असं नाही. दर उड्डाणाआधी इंधन मोजून भरावं लागतं, आणि आधीच्या माणसाने टाकी काठोकाठ भरून ठेवली असेल तर नम्रपणे नाही म्हणावं लागतं. मी दोनदा नाही म्हटलं आहे. एकदा समोरच्याने बरंच तोंड वाकडं केलं, पण टाकीतून इंधन काढलं गेलं.

फसायच्या जागा इथे तीन:

- 'थोडंसंच जास्त आहे.' ब्रिटिश विमान प्राधिकरणाच्या सुरक्षा-मार्गदर्शनात हिशेबाचा ढोबळ नियम दिला आहे: वजन १० टक्के वाढलं तर टेकऑफला लागणारं अंतर २० टक्के वाढतं. त्यात गरम हवा आणि उंचावरची धावपट्टी मिळाली की आणखी लांबतं.
- किलो आणि पौंडांची सरमिसळ. जुने तक्ते पौंड आणि इंचात असतात. एक किलो म्हणजे २.२ पौंड. पौंडाच्या रकान्यात ९८ लिहून मोकळं झालेलं मी स्वतः पाहिलं आहे. कागदावर विमान अगदी हलकं दिसत होतं.
- सीटची स्वतंत्र मर्यादा. एकूण वजन बसलं तरी सीटची मर्यादा वेगळी असू शकते. हेलिकॉप्टर शिकणार असाल तर हे आधी बघा: रॉबिन्सन आर२२ मध्ये एका सीटवर, खालच्या सामानासकट, १०९ किलोच चालतात.

४. गुरुत्वमध्य, म्हणजे सीजी

सीजी म्हणजे विमानाचं सगळं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू. शेजारी-शेजारी बसायच्या विमानात पुढची माणसं सीजीच्या जवळच असतात, त्यामुळे मोठा घोटाळा सहसा होत नाही. तरी एक बारकावा आहे. सेसना १७२ च्या हँडबुकात पुढच्या सीटवरच्या माणसाचं, ठरलेल्या संदर्भरेषेपासूनचं अंतर ३७ इंच धरलेलं असतं आणि शेजारी कंसात ३४ ते ४६ अशी व्याप्ती दिलेली असते. ३७ हा आकडा सरासरी माणसाचा. तुम्ही सीट पार मागे घेऊन बसत असाल तर तुमचं अंतर ४६ च्या जवळ जातं. १०० किलोच्या माणसाने ९ इंच मागे बसलं तर भरलेल्या विमानाचा सीजी साधारण दोन सेंटीमीटर मागे जातो. मधल्या पट्ट्यात असाल तर काही बिघडत नाही, मर्यादेच्या काठावर असाल तर बिघडतं.

उलटही होतं. १७२ मध्ये पुढे दोन धिप्पाड माणसं आणि मागे कोणी नाही, सामान नाही, असं असेल तर नाक जड होतं आणि फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, योक बराच ओढावा लागतो. याची कल्पना नसेल तर नाकाचं चाक आधी टेकतं.

एकामागे एक बसायच्या विमानात आणि ग्लायडरमध्ये मात्र सीजी हाच मुख्य प्रश्न. पायपर जे-३ कब एकट्याने उडवायचं तर मागच्या सीटवरूनच, ते याच कारणाने. ग्लायडरमध्ये हलक्या माणसांनी विशेष जपायचं. कॉकपिटमधल्या पाटीवर पुढच्या सीटचं किमान वजन लिहिलेलं असतं, बऱ्याच शिकाऊ ग्लायडरमध्ये ते ७० किलोच्या आसपास असतं. तुम्ही ५५ किलोचे असाल तर पुढे ठरलेली शिशाची वजनं बसवल्याशिवाय उडायचं नाही. वजन कमी पडलं की सीजी मागे जातो आणि ग्लायडरचं नाक सावरणं अवघड होतं.

५. विमान उभं असताना अर्धा तास बसून बघा

पहिल्या धड्याच्या आधी, इंजिन बंद असताना, बूट आणि हेडसेट घालून बसा. कोणी घाई केली तरी हा अर्धा तास सोडू नका. क्रम बदलू नका, कारण एक गोष्ट हलवली की पुढची बदलते.

*आधी पाय.* टाचा जमिनीवर, चवडे पेडलच्या खालच्या भागावर. एक पेडल पूर्ण दाबा. ते टोकाला गेल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे आणि पाठ सीटपासून सुटता कामा नये. तशाच स्थितीत चवड्याने ब्रेक दाबता येतो का तेही बघा. जोराचा आडवा वारा आला तर याच टोकाची गरज पडते. मोठ्या पावलांच्या माणसांनी बुटाचं टोक पॅनेलच्या खालच्या कडेत अडकत नाही ना ते पाहावं. आणि चवडा नकळत ब्रेकवर राहत नाही ना, तेही. ब्रेक दाबलेला असताना चाकं टेकली की टायर जातो.

*मग डोळे.* समोर इंजिनच्या झाकणावरून क्षितिज किती दिसतं, पॅनेलवरची सगळी घड्याळं दिसतात का, बाजूला पंख कुठे येतो. वर पंख असलेल्या विमानात उंच माणसाचे डोळे थेट पंखाच्या पातळीत येतात. बाजूला बघितलं तर पंखाचं पोटच दिसतं, विमानं दिसत नाहीत. सीट खाली जात असेल तर घ्या. नसेल तर वळण्याआधी मान वाकवून बघायची आणि पंख जरा उचलायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

*मग डोकं.* टाळू आणि छत यांच्यात हेडसेटसकट निदान चार बोटं हवीत. हा माझा ठोकताळा आहे. हवा खवळली की पट्टा कितीही आवळला तरी माणूस उसळतो.

*मग पट्टे.* कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. बुटक्या माणसाला खांद्याचा पट्टा मानेवर घासतो. तेव्हा सीटची उंची किंवा पट्ट्याचा जोड बदलून बघा, पट्टा काखेखाली घेऊ नका. पट्टा पोटावरून पुरतच नसेल तर त्या विमानासाठी मान्य असलेला जोडपट्टा मिळतो का ते देखभाल करणाऱ्यांना विचारा.

*शेवटी हात.* हे पट्टे आवळल्यानंतरच. बरेच जण आधी करतात आणि तिथेच फसतात. योक किंवा स्टिक पूर्ण मागे, पूर्ण पुढे, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. आणि चारही कोपरे: पूर्ण मागे ओढून डावीकडे, पूर्ण मागे ओढून उजवीकडे, तसंच पुढे. माझी मांडी आडवी आली ती 'मागे आणि डावीकडे' या कोपऱ्यातच, आणि आडव्या वाऱ्यात उतरताना नेमका तोच लागतो. इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून पुन्हा करा. दोन माणसं बसल्यावर कोपर फिरवायला जागा उरत नाही.

मग हात लांब करा. १५२ मध्ये इंधनाची बंद-चालू कळ दोन सीटच्या मधे जमिनीवर असते. वॉरियरमध्ये टाकी निवडायची कळ डाव्या भिंतीवर, गुडघ्यापाशी. जुन्या विमानांतला खांद्याचा पट्टा आपोआप सैल होणारा नसतो. तो आवळल्यावर आखूड हाताच्या माणसाला ही कळ गाठता येत नाही. ती गाठता येणं हवंच.

६. सीटचं कुलूप दोनदा तपासा

याला वेगळा क्रमांक दिला, कारण यात माणसं मेली आहेत. सेसनाच्या सीट रुळावर सरकतात आणि एक खीळ रुळाच्या भोकात बसून त्यांना अडवते. भोकं झिजली किंवा खीळ अर्धीच बसली, तर टेकऑफच्या जोराने सीट मागे घसरते. वैमानिक आधारासाठी हातात जे आहे ते धरतो, आणि हातात योक असतो. नाक वर जातं, पाय पेडलवरून सुटलेले असतात. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने या रुळांच्या नियमित तपासणीचा आदेश १९८७ मध्ये काढला आणि २०११ मध्ये तो सुधारून पुन्हा काढला.

उंच आणि भारी माणसांना धोका जास्त, कारण आपण सीट शेवटच्या भोकांपाशी घेतो आणि वजनही जास्त असतं. सीट लावल्यावर 'टक' ऐकू आलं एवढ्यावर थांबू नका. पाय जमिनीला रोवून अंग जोरात पुढे आणि मागे हलवा. धावपट्टीवर शिरण्याआधी पुन्हा एकदा. शेवटच्या भोकापलीकडे सीट जाऊ नये म्हणून रुळावर अडसर असतो, तो आहे ना तेही बघा. आणि तरीही कधी घसरलीच, तर योक सोडा. सीटची कड किंवा दाराची चौकट धरा. हे मनात आधीच ठरवून ठेवावं लागतं.

७. कमी पडेल ते कसं भरून काढायचं

बुटक्या माणसांनी उशी घ्यावी, पण कडक फोमची. मऊ उशी हादऱ्यात दबते, डोळ्यांची पातळी बदलते, आणि अपघातात शरीर आधी खाली धसून मग पट्ट्यावर आदळतं. पाठीमागेही कडकच. मऊ पाठउशी टेकऑफला दबली की पेडल दोन बोटं लांब जातं. उशी सुटी ठेवू नका, पेडलखाली गेली तर रडर अडतो. उशी घेतल्यावर पाचवा टप्पा पहिल्यापासून करायचा. माझ्या मैत्रिणीला शेवटी बैठकीला एक आणि पाठीला एक अशा दोन कडक उशा आणि पेडलवर लावायचे मान्यताप्राप्त जोड, या तिन्हींनी मिळून दिसायलाही लागलं आणि पोहोचायलाही. पेडलला घरी केलेले लाकडी ठोकळे बांधू नका. ते सुटतात.

तीच उशी दर वेळी घ्या. डोळे दोन सेंटीमीटर वर-खाली झाले तरी धावपट्टी वेगळी दिसते आणि फ्लेअर चुकतो. रोज नवीन उशी म्हणजे रोज नवीन लँडिंग शिकणं.

उंच माणसांनी पातळ तळव्याचे बूट घालावेत, त्याने गुडघा थोडा खाली जातो. हेडसेटची पट्टी बारीक असलेली निवडा.

रुंद खांद्यांच्या दोघांनी एक सीट एक खाच पुढे आणि दुसरी एक खाच मागे ठेवावी. दोघांच्याही पेडल आणि योकची तपासणी पास होत असेल तरच. याने दंड एकमेकांपुढे-मागे येतात आणि कोपराला जागा मिळते. एवढ्याशा युक्तीने माझे १५२ मधले तास सुसह्य झाले.

८. इन्स्ट्रक्टरशी काय बोलायचं

आकडे घेऊन जा: 'माझं वजन कपड्यांसकट १०५ आहे, तुमचं किती? किती इंधन भरायचं ते आज मी काढतो.' बहुतेक इन्स्ट्रक्टर खूश होतात. 'योक माझ्या मांडीला लागतो' हे पहिल्याच तासाला सांगा, माझ्यासारखे तीन आठवडे घालवू नका. 'सवय होईल' असं उत्तर आलं तर अवघडलेल्या पाठीपुरतं ते खरं मानता येईल. पेडल टोकाला न जाणं, योक अडणं किंवा धावपट्टी न दिसणं यांची सवय होत नसते. अशा वेळी दुसरं विमान मागा, आणि त्या संस्थेकडे दुसरं विमान नसेल तर दुसरी संस्था शोधा.

सगळं जुळलं की वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: विमानाचा क्रमांक, सीट कितव्या भोकात, उंची किती, कोणती उशी, कोणते बूट, वजन किती आणि कोणत्या तारखेचं. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या विमानात भोकं वेगळी झिजलेली असतात आणि सीटचा फोम वेगळा दबलेला असतो, म्हणून प्रत्येक विमानाला वेगळं पान.